कोयता म्हणजे किती माणसं?



गेल्या हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास, तेलगावला ऊसतोड करणाऱ्या बायकांची बैठक होती. तेलगावात साखर कारखाना आहे, तरी आसपासच्या कितीतरी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. आईबरोबर आलेली बारावीची एक मुलगी इंग्रजीचा शब्दकोश घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “ताई, स्पिन्स्टर म्हणजे लग्न न झालेली बाई. मग त्यात सूत कातायचं ‘स्पिन’ कसं आलं?”

मी सांगितलं, मूळ अर्थ सूत कातणारी. ते बाईच्या कामाचं नाव होतं. पुढे इंग्लंडच्या कागदपत्रांत बिनलग्नाच्या बाईच्या नावाला ते चिकटलं, मग त्याचा टोमणा झाला, आणि २००५ साली तिथल्या विवाहनोंदणीतून तो शब्द काढावा लागला. एक आजी म्हणाल्या, “म्हंजी काम गेलं अन् लगीन तेवढं ऱ्हायलं.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

‘वाइफ’चा जुना अर्थ नुसता ‘बाई’. आपल्या एएनएम ताईंच्या हुद्द्यातल्या ‘मिडवाइफ’मध्ये तो अजून दडलेला आहे: बाईच्या सोबत असणारी.

आणखी एक शब्द मला कायद्याच्या पुस्तकात भेटला होता, कव्हर्चर. म्हणजे पांघरूण. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या पांघरुणाखाली गेली. कायद्याच्या नजरेत दोघं मिळून एकच माणूस, आणि ते माणूस म्हणजे नवरा. तिची मजुरी त्याची, करार त्याच्या नावानं. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी तिची कमाई व मालमत्ता तिच्या नावावर आली, आणि शब्द अडगळीत पडला.

हे ऐकून बैठक जरा गप्प झाली. मग मागून आवाज आला, “मंग आमचं निराळं काय? आमी कोयताच की.”

खरंच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी विधवा किंवा टाकलेली बाई अर्धा कोयता, तिला मुकादम सहसा घेत नाही. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात. पहाटेपासून फडात वाकणारी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी, कोपीत परतून चूल पेटवणारी बाई हिशेबात वेगळी दिसतच नाही. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकली जातात. बाई आजारी पडली तर खाडा मात्र अख्ख्या कोयत्यावर. पाळीसाठीही खाडा. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एवढ्या बायकांच्या अंगावर कात्री चालण्यामागे डॉक्टरांचा लोभ आहे, भीती आहे, गरिबी आहे. पण खाड्याचा हिशेबही आहे, आणि तो कोयत्यानं मोजतात.

नुसता शब्द बदलून काय होणार, असं आमच्यातल्याच काही जणींनी विचारलं. शब्दामागे कायदा बदलावा लागतो हे मलाही मान्य आहे. पण मोजणीत जी नाही, तिची मजुरी मागायची कुणाच्या नावानं?

म्हणून आम्ही वहीत ‘चाळीस कोयते’ लिहिणं बंद केलं. चाळीस बाया, चाळीस पुरुष, प्रत्येकाची ओळ वेगळी. एक मुकादम हसला, म्हणाला, दुप्पट कागद लागेल. वही आम्ही देऊ, असं सांगितलं.

तुमच्या भागातून टोळ्या जात असतील, तर उचलीच्या कागदावर बाईचं नाव आहे का, सही किंवा अंगठा कुणाचा आहे, एवढं पाहून पुढच्या अंकाआधी कळवा. कागदच केला नसेल, तर तेही लिहा.