बीसीजीनंतरची लस कोणासाठी?

'टीबीची लस तर जन्मताच देतात,' असं आपले कार्यकर्तेही बिनदिक्कत सांगतात. हे अर्धंच खरं. काल्मेट आणि गेरँ यांनी गाईंच्या क्षयरोगाचा जंतू 13 वर्षांत 230 वेळा नव्याने वाढवून दुबळा केला. त्याच जिवंत जंतूची बीसीजी 1921 पासून वापरात आहे. तान्ह्या मुलांना ती मेंदूच्या टीबीपासून बरंच वाचवते. पण तमिळनाडूतल्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीपुढे ती निष्प्रभ ठरली. म्हणजे गटारात उतरणारा, खाणीत दगड फोडणारा आपला माणूस उघडाच!

आता माणसाच्याच टीबी-जंतूतली दोन जनुकं काढून घडवलेली एमटीबीव्हॅक ही जिवंत लस आली आहे. भारतात प्रौढांवर तिच्या चाचण्या 2024 मध्ये सुरू झाल्या. 'आधी भाकर, मग लस' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पोटभर अन्न आणि हवेशीर घर मागताना लस का सोडायची? मात्र चाचणीला आपली वस्ती चालत असेल तर संमतीपत्र वस्तीच्या बोलीत हवं. जिवंत जंतू टोचायचा, म्हणून एचआयव्हीबाधितांची काळजी कशी घेणार ते स्पष्ट हवं. आणि यशस्वी लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल, ही लेखी हमी दंडाला सुई लागण्याआधी हवी.