कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही

रविवारच्या बुद्धवंदनेनंतर विहारात वस्तीतले एक दादा भेटले. मानेवरचे गळू आठवड्यापूर्वी दवाखान्यात चिरून घेतले होते. पट्टी काळी पडलेली, वरून ओली. विचारले तर म्हणाले, "तिसऱ्या दिवशी ठणका गेला, मग गोळ्या कशाला? उरलेल्या जपून ठेवल्यात. पोराच्या पायाला फोड आलाय, त्याला देईन." आत पुन्हा पू साठला होता. दोन दिवसांनी जखम परत उघडावी लागली आणि आठवडाभराची रोजी बुडाली.

दादांना बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. पण चिठ्ठीवरच्या तीन गोळ्या तीन वेगळ्या कामांच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मग आपण सगळ्यांना एकच नियम लावतो: दुखले की घ्यायची, थांबले की सोडायची. हा नियम एकाच गोळीला लागू आहे, ती म्हणजे दुखण्याची. ठणका गेला की ती बंद केली तरी चालते. उलट तीच गोळी आपण जास्त खातो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या उपाशीपोटी आणि दिवसेंदिवस घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल त्यामानाने सौम्य, पण धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपेक्षा जास्त नको. दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्याला त्याहून कमी. मेडिकलमधून आणलेल्या अनेक दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. वरून तापाची गोळी घेतली की डोस नकळत दुप्पट होतो.

प्रतिजैविकाचे, म्हणजे अँटिबायोटिकचे, गणित वेगळे आहे. ते दुखण्यावर नसून जंतूंवर असते. ठणका गेला म्हणजे जंतू संपले असे नाही. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले असतील तर पाच दिवस, आठ तासांनी सांगितले असेल तर आठ तासांनी. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा दम लागला तरच थांबवा, आणि तेव्हा घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हेही सांगायला हवे की प्रत्येक छोट्या चिरफाडीनंतर अँटिबायोटिक लागतेच असे नाही. स्वच्छ त्वचेवरची लहान गाठ काढली तर पुष्कळदा नुसती मलमपट्टी पुरते. डॉक्टरांनी दिले नाही म्हणजे आपल्याला गरीब समजून टाळले, असा ग्रह करून मेडिकलमधून दोन गोळ्या सुट्या आणू नका. पट्टीवर लाल उभी रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती.

मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य, नाहीतर उलट्या, धडधड होऊ शकते. पंचशील घेतलेल्या घराला हे सांगावे लागू नये, पण आपली वस्ती आपण ओळखतो.

तिसऱ्या गोळ्या म्हणजे रोजच्या, साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या. जखम झाली म्हणून त्या कोणी मनाने बंद करू नयेत. चिरा देण्याआधीच डॉक्टरांना त्या दाखवाव्यात. साखर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. त्या आजाराचा त्रास आपल्या लोकांना नवा नाही.

वर्षावासात आणखी एक गोष्ट दिसते. अष्टशील घेतलेल्या आया-बहिणी दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून रात्रीची गोळी चुकवतात. विनयात आजारी भिक्खूंना भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही औषधे अवेळीही घ्यायची मुभा दिली आहे. महावग्गात सेवा करायला कठीण अशा रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. औषध न घेणे आणि दुखणे आहे तसे न सांगणे ही त्यातलीच. मग गोळी चुकवून आपण कोणते शील पाळतो? गोळी जेवणानंतरचीच असेल तर त्या दिवशीचा उपोसथ सोडावा. पुढची पौर्णिमा आहेच.

दवाखान्यात विचारायला आपण कचरतो. रांग मोठी, डॉक्टर घाईत, आणि "समजलं का?" म्हटले की मान हलवायची. कोणती गोळी किती दिवस, कोणती दुखेल तेव्हाच, हे विचारणे हा आपला हक्क आहे. डॉक्टरांना वेळ नसेल तर खिडकीवरच्या फार्मासिस्टला विचारा, पाकिटावर पेनाने लिहून घ्या. आई-आजीला वाचता येत नसेल तर सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र काढा.

जखमेवर हळद, राख, मशेरी काही नको. लाली पसरू लागली, ताप आला, पू किंवा घाण वास आला तर तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नका. नाल्यावर, झाडूवर, बांधकामावर काम असेल तर जखम सुकेपर्यंत हलके काम मागा. डॉक्टरांकडून तसे लिहून घेतले तर मुकादमापुढे दाखवायला कागद राहतो.

दादांच्या पोराच्या पायाला पुढे नुसते स्वच्छ ड्रेसिंग लागले. बापाच्या उरलेल्या गोळ्या त्याला देऊ दिल्या नाहीत.