हमालाचा अंतर्गळ आणि मच्छरदाणीचे कापड

नांदगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भावाची चर्चा होते. ज्यांच्या पाठीवरून तो माल ट्रकमध्ये चढतो, त्यांच्या शरीराची चर्चा होत नाही. याच तालुक्यात मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचे मोठे धान्यकोठार आहे. पोत्यांच्या या अर्थव्यवस्थेत जांघेतील गाठ लंगोटाने आवळून ओझी वाहणे, ही हमाल नशिबाचीच गोष्ट मानतो.

ही गाठ म्हणजे अंतर्गळ, रूढ भाषेत हर्निया. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतड्याचा भाग बाहेर सरकतो. हे दौर्बल्य काहींना जन्मतःच असते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीचा अडथळा आणि जड ओझे यांमुळे पोटातील दाब वाढतो व वाट रुंदावते. मग पोत्यालाच दोष का द्यावा, असे कोणी विचारील. ओझे हे एकमेव कारण नव्हे, हे खरेच. परंतु कच्च्या भिंतीवर रोज आघात करावयाचे आणि पडझडीचा दोष भिंतीला द्यावयाचा, हा कोठला न्याय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या बाजारांत शंभर किलोचे पोते चालूच राहिले.

गाठ आत जाईनाशी झाली, वेदना व उलट्या सुरू झाल्या, की आतडे पिळले जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. मग प्रश्न काही तासांचा असतो. उशीर झाल्यास आतड्याचा तो भाग मरतो, प्रसंगी माणूसही. औषधाने वा पट्ट्याने अंतर्गळ बरा होत नाही, इलाज शस्त्रक्रियाच. बाहेर आलेला भाग आत सारून दुबळ्या जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी शिवतात.

या जाळीची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असणे अटळ आहे काय? उत्तर आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातच मिळाले. दोंडाईचाचे शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षभरानंतर अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ घरची मच्छरदाणी फाडून वापरावी असा नव्हे. योग्य धागा आणि काटेकोर निर्जंतुकीकरण हवेच. अर्थ इतकाच की, किमतीचा मोठा हिस्सा धाग्याचा नसून बाजाराचा आहे.

तरीही जाळी स्वस्त झाल्याने प्रश्न सुटत नाही. रोजंदारीवरच्या हमालाला खरी महाग पडते ती शस्त्रक्रियेनंतरची सक्तीची विश्रांती. उपचार मोफत झाला तरी बुडालेली हमाली कोण भरून देणार? म्हणून तो टाळतो, आणि टाळणे त्याचे अज्ञान ठरविले जाते. १९६९ च्या माथाडी कायद्याचे तत्त्व स्पष्ट आहे: मालक बदलते असले तरी हमालाची जबाबदारी सामूहिक असते. मग नोंदणीबाहेर राहिलेल्यांना या तत्त्वातून वगळावयाचे कोणत्या आधारावर?

मागण्या साध्या आहेत. पन्नास किलोपेक्षा जड पोते कोणाच्याही पाठीवर चढू नये. प्रत्येक हमालाची नोंदणी व्हावी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीची मजुरी मंडळाच्या निधीतून मिळावी. शासनाने स्वस्त जाळी प्रमाणित करून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत नियोजित शस्त्रक्रियांचा वार ठरवावा. पोत्यावर आडत आकारणाऱ्या, बाजार फी वसूल करणाऱ्या व्यवस्थेला पोते उचलणाऱ्याचा खर्च तेवढा परवडत नाही, हे आम्ही का मान्य करावे?