रविवारचें पान

एका वाचकभगिनीनें पत्रीं विचारिलें आहे कीं, शनिवार-रविवारीं तुमच्या घरीं काय शिजतें, कोणतें चित्र पाहिलें जातें, आणि त्यांत तुमच्या विशेष आवडीचें काय. प्रश्न साधा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत आवड ही वस्तु एकट्याची कधींच नसते. एकाच्या आवडीसाठीं दुसऱ्यास चुलीपुढें उभें राहावें लागतें, आणि आवड सांगणारा बहुधा पाटावर बसलेला असतो. चूल जाऊन ग्यास आला, पाट जाऊन मेज आलें, तरी ही वाटणी म्हणावी तशी हललेली नाहीं. तेव्हां आवडी सांगतांना त्यांच्या पाठीमागचे हातहि सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

शनिवारीं रात्रीं मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर साजूक तूप, जोडीला पापड व मुरलेलें लिंबाचें लोणचें. खिचडीची थोरवी ज्यास पटत नाहीं तो अद्यापि पुरेसा दमलेला नाहीं, एवढेंच म्हणूं.

रविवारीं सकाळीं थालिपीठ. त्याचें सारें मर्म भाजणींत आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहूं, हरभऱ्याची व उडदाची डाळ, आणि वासापुरते धने-जिरें, हीं सर्व एकाच कढईंत एकदम लोटलीं कीं काम बिघडलें. हरभऱ्याची डाळ भाजून होण्यापूर्वींच जिरें करपून जातें. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आंचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावयाचा आणि निवाल्यावर दळावयाचा. आमच्या सौभाग्यवतींस प्रमाण विचारलें तर त्या मूठ दाखवितात. कमलाबाई ओगले यांनीं १९७० सालीं 'रुचिरा' लिहून वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें, हे त्यांचे मोठे उपकार. सूनबाईंस तर त्या पुस्तकावांचून गत्यंतर नव्हतें, कारण सासूची मूठ सुनेच्या मुठीएवढी असतेच असें नाहीं. थालिपीठ तव्यावर थापून मध्यें भोकें पाडावयाचीं, म्हणजे त्यांतून तेल तळाशीं उतरून खालची बाजू खरपूस होते. वर लोण्याचा गोळा हवा. लोणी घरचेंच असावें हा आमचा हट्ट; ताक आम्ही स्वतः घुसळतों, म्हणून तो चालतो.

आतां चित्रपट. पूर्वीं त्यासाठीं तिकिटाच्या रांगेंत उभें राहावें लागे. आज दिवाणखान्यांत बसल्या जागीं सारें दिसतें. गेल्या रविवारीं निवडण्याची पाळी आमची होती, आणि आम्हीं प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. दामले व फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा चित्रपट मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा पाहतांना हा मनुष्य अभिनय करीत आहे असें वाटतच नाहीं. शांताराम आठवले यांनीं त्यांतील एक गीत अभंगाच्या वळणावर असें रचिलें आहे कीं, पुष्कळ सुजाण माणसें तें तुकोबांचेंच समजून चाललीं आहेत.

परंतु आमच्या मतें या चित्रपटाचा प्राण म्हणजे गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई. तुकोबांस विठ्ठल दिसतो. तिला रिकामें मडकें दिसतें. पोरांच्या पोटांत काय घालावयाचें, हा प्रश्न भजनानें सुटत नाहीं, हें त्या घरांत तिला एकटीसच ठाऊक आहे. मूल आजारी पडतें तेव्हां ती त्यास ओढीत, हातीं वहाण घेऊन, थेट देवळांत पांडुरंगास जाब विचारावयास जाते. तिच्या फटकळपणाचें हंसूं येतें, पण तिची बाजू क्षणभरहि खोटी वाटत नाहीं.

येथेंच आमच्या घरीं एक गोष्ट घडली. आमचे वडील बंधु, ज्यांस सारे दादा म्हणतात, यांच्या मतें रविवारीं पानांत गोडधोड नसेल तर तो रविवारच नव्हे. त्यांच्या इच्छेवरून श्रीखंड-पुरीचा बेत होता. चक्का आदल्या रात्रींच बांधून ठेवितां येतो. पुरी मात्र ऐनवेळींच तळावी लागते. आठवडाभर कचेरी करून घरीं असलेल्या सूनबाई, जिजाई वहाण उचलते नेमक्या त्याच वेळीं उठल्या. थोड्या वेळानें आंतून त्यांचा आवाज आला, "मामंजी, पुढें काय झालें?"

आम्ही उत्तर देणार तोंच सौभाग्यवतींनीं चित्र थांबविलें. "पुढें काय झालें तें ती स्वतः येऊन पाहील," त्या म्हणाल्या, "भावोजी, पुऱ्या अर्ध्या तासानें."

दादांचें पान इतक्या वर्षांत कोणीं लांबविलें नव्हतें. ते कांहीं बोलले नाहींत. पण सायंकाळीं त्यांनीं आमच्यापाशीं विषय काढलाच. घरच्या स्त्रीनें सर्वांस वाढून मग जेवावें ही शास्त्राची आज्ञा आहे, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून त्यांच्यापुढें ठेविला. अतिथि जेवले, सेवकजन जेवले, कीं मग उरलेलें अन्न पतिपत्नींनीं खावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि क्रियापद द्विवचनीं आहे! म्हणजे मागाहून जेवावयाचें तें दोघांनीं. नवोढा, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांस तर अतिथींच्याहि आधीं वाढावें, असें लगतच म्हटलें आहे. त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आज आम्हांस मान्य नाहींत. पण ज्यास शास्त्राचा आधार हवा त्यानें तो व्याकरणासकट घ्यावा. दादांनीं श्लोक दोनदां वाचला व चष्मा पुसला.

या प्रसंगानंतर आमच्या आवडीच्या यादींत रविवारच्या जेवणाचें पहिलें स्थान कुळथाच्या पिठल्यास गेलें आहे. कुळीथ म्हणजे संस्कृतांतील कुलत्थ. कोंकणांतल्या घरास त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तेलाची फोडणी, तींत मोहरी, हिंग, हळद, मिरची. चालत असेल त्यानें लसूण ठेंचून घालावी. पांच-सहा वाट्या पाणी, मीठ व दोन-तीन आमसुलें घालून उकळी आणावी, आणि वाटीभर पीठ थंड पाण्यांत गुठळी न ठेवितां कालवून ढवळीत ओतावें. पाव तासांत काम होतें, आणि तयार झालें कीं झांकून ठेवितां येतें. मऊ भात, वर हें पिठलें, तूप, आणि भाजलेला पापड. सारीं माणसें एकाच वेळीं ताटावर बसूं शकतात, हा त्याचा गुण श्रीखंडांत नाहीं. नातू नाक मुरडतो. त्यास दहींभात आहे. पापड भाजण्याचें काम दादांनीं आपण होऊन घेतलें असून, त्यांचे कडेचे पापड अद्यापि करपतात.

पुढील रविवारीं पाळी सूनबाईंची आहे. त्यांनीं व्ही. शांताराम यांचा १९४१ सालचा 'शेजारी' निवडला आहे. त्यांत केशवराव दाते व गजानन जागीरदार यांनीं एका हिंदूची व एका मुसलमानाची जिवाभावाची मैत्री उभी केली आहे. त्या दिवशीं जेवणास काय, हें अद्यापि घरांत कोणीं विचारिलेलें नाहीं.