सरळ ठेका नको!

दोस्तहो, गोदीतली पाळी करून आलो की मी सिंथेसायझर कॉम्प्युटरला जोडतो. पोरं म्हणतात, "माऊसनं सगळं होतंय, हे धूड कशाला?"

म्हणून सांगतो. १९८३ साली आलेल्या मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, हुकूम जातो. कोणती पट्टी, किती जोरानं, १ ते १२७. माऊसवाल्याला तो आकडा अंदाजानं भरावा लागतो. गोण्या उचलणारं बोट तो स्वतःच देतं.

कंपनीनं भरलेल्या आवाजांत सणसरच्या माझ्या बापाची हलगी नव्हती. ती रेकॉर्ड करून मी पट्टीवर चढवली. क्वांटाइझ केलं की तिचा ठेका रेघेत बसतो. बसवू नका! गावानं हुकूम सोडला की बाप हलगी बडवायचा. आता हुकूम आपल्या बोटाचा. तो आपणच कशाला पुसायचा?