पहारेकऱ्याकडे हिशेब कोण मागणार?

इराणचा विषय निघाला की आपल्या मित्रमंडळीत हमखास दोन गट पडतात. एकाला तिथलं पासदारान दल म्हणजे इस्लामची ढाल वाटते, दुसऱ्याला नुसती गुंडांची टोळी. मला दोन्ही मतं आळशी वाटतात.

हे दल का निघालं ते आधी पाहू. १९५३ मध्ये लष्करातल्याच लोकांनी अमेरिका-ब्रिटनच्या साथीने पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं होतं. १९७९ मध्ये शाह गेला, पण त्याचं लष्कर राहिलं. मग खोमेनींनी मे महिन्यात वेगळं दल उभं केलं. नव्या राज्यघटनेत लष्कराकडे देशाचं रक्षण आलं, पासदारांकडे क्रांतीचं. ही भीती खोटी नव्हती. १९८० च्या जुलैत लष्करी अधिकाऱ्यांचा कट खरोखरच पकडला गेला.

पण गोम इथेच आहे. देशाची सीमा नकाशावर दाखवता येते. क्रांतीची सीमा कोण आखणार? ज्याच्या हातात बंदूक, तोच आखणार.

आणि तसंच झालं. इराकशी आठ वर्षं लढून, हजारो जवान गमावून या दलाने मान मिळवला. तो मान खराच. युद्धानंतर त्याच्या 'खातम अल-अंबिया' या बांधकाम शाखेकडे धरणं, रस्ते, पाइपलाइनी आल्या. १९९९ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा २४ कमांडरांनी अध्यक्ष खातमींना पत्र पाठवून आमचा सब्र संपत आलाय, असं बजावलं. हे तेच खातमी, ज्यांना दोन वर्षांपूर्वी जनतेने भरभरून मतं दिली होती. २००४ मध्ये तेहरानचा नवा विमानतळ सुरू झाला त्याच दिवशी पासदारांनी बंद पाडला. कारण? कारभार एका तुर्की कंपनीकडे होता. दलाचा प्रमुख रहबर नेमतो, त्यामुळे निवडून आलेला अध्यक्ष पाहत राहतो. खुद्द खोमेनींनी मृत्युपत्रात सशस्त्र दलांना पक्षीय राजकारणापासून दूर राहायला सांगितलं होतं!

यावर मित्र म्हणतात, बाहेरून निर्बंध आणि हल्ले चालू असताना टीका म्हणजे दुश्मनाला मदत. अरे भाई, निर्बंधांमुळे परदेशी कंपन्या निघून गेल्यावर त्यांची कंत्राटं कोणाकडे गेली, तेही पाहा. वेढा पडला की पहारेकरी गब्बर होतो आणि उपाशी राहतो तो घरातला माणूस. हजरत अली (रजि.) यांचं मालिक अश्तर यांना लिहिलेलं पत्र इराणचे राज्यकर्ते अभिमानाने सांगतात. अधिकाऱ्यांवर नजर ठेवा, अशी ताकीद त्यातच आहे. मग हिशेब मागणारा दीनचा दुश्मन कसा ठरतो?

८ जानेवारी २०२० ला पासदारांच्या क्षेपणास्त्रांनी तेहरानजवळ एक प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं गेली, बहुतेक इराणी किंवा इराणी वंशाची. तीन दिवस तांत्रिक बिघाड सांगितला गेला. मग कबुली आली, आणि तेहरानचे विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले.