औषध तेच, मग पोग्बाला 18 महिने आणि गोल्फरला फक्त 90 दिवस कसे?

22 नोव्हेंबर 2025. फ्रान्सच्या लीगमध्ये रेनने मोनॅकोला 4-1 असं धुतलं. मोनॅकोच्या चाहत्यांसाठी विसरून जावा असा निकाल. पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरत होता तो 85 व्या मिनिटाचा व्हिडिओ. पॉल पोग्बा मैदानात उतरला आणि स्टेडियममध्ये टाळ्या वाजल्या, रेनच्या घरच्या प्रेक्षकांच्यासुद्धा. 2018 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल करणारा माणूस दोन वर्षांहून जास्त काळानंतर व्यावसायिक सामना खेळत होता.

व्हिडिओखाली मात्र भांडण जुंपलं होतं. एक गट म्हणत होता, बिचाऱ्यावर अन्याय झाला. दुसरा म्हणत होता, डोपिंगमध्ये सापडलेल्या माणसाला टाळ्या कसल्या वाजवता? आणि एक प्रश्न दोन्हीकडून येत होता. आधी चार वर्षांची बंदी होती, ती 18 महिन्यांवर कशी आली? पैसा बोलला का?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी चार खेळाडू आणि दोन औषधं बघायला लागतात.

आधी पोग्बाचं प्रकरण

20 ऑगस्ट 2023 ला युव्हेंटसने उदिनेसेला 3-0 असं हरवलं. पोग्बा त्या दिवशी एक मिनिटही खेळला नाही, बाकावर बसून होता. पण उत्तेजक चाचणीसाठी त्याचा नमुना घेतला गेला आणि त्यात बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या खुणा सापडल्या.

आता टेस्टोस्टेरॉन तर प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतंच. मग बाहेरचं कुठलं आणि घरचं कुठलं, हे लॅबला कसं कळतं? कार्बनवरून. औषध कंपन्या हे हार्मोन बहुतेक वेळा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात. आपलं शरीर बनवतं ते आपण खातो त्या सगळ्या मिश्र अन्नापासून. दोन्हींत कार्बन-13 या जड कार्बनचं प्रमाण किंचित वेगळं असतं आणि यंत्र तो फरक पकडतं. त्यामुळे ‘माझ्या शरीरातच जास्त तयार होतं’ हा बचाव इथे चालत नाही.

11 सप्टेंबर 2023 ला पोग्बाचं तात्पुरतं निलंबन झालं. ऑक्टोबरमध्ये ‘बी’ नमुनाही पॉझिटिव्ह आला. फेब्रुवारी 2024 मध्ये इटलीच्या डोपिंगविरोधी लवादाने थेट चार वर्षं सुनावली. तेव्हा तो 30 वर्षांचा होता, म्हणजे करिअर संपल्यातच जमा. तो स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे शिक्षा 18 महिन्यांवर आली.

लवादाने काय मान्य केलं? पोग्बाने घेतलेला पदार्थ डीएचईए होता. शरीरात गेल्यावर त्याचं टेस्टोस्टेरॉन होतं. तो फ्लोरिडामधल्या एका डॉक्टरने लिहून दिलेल्या सप्लिमेंटमधून आला. मुद्दाम घेतलेला नव्हता. पण व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याने जास्त काळजी घ्यायला हवी होती. थोडक्यात लबाड नाही, पण निष्काळजी. पूर्ण निर्दोष सुटका त्याला मिळाली नाहीच. युव्हेंटसने करार संपवला आणि पोग्बाला मोनॅकोत नवीन डाव मांडावा लागला.

तेच औषध, गोल्फमध्ये

स्कॉट स्टॉलिंग्ज हे नाव गोल्फ न बघणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवर तीन स्पर्धा जिंकलेला खेळाडू. त्याला सतत थकवा यायचा. डॉक्टरने त्याला एक गोष्ट घ्यायला सांगितली. डीएचईए!

नंतर त्याच्या लक्षात आलं की हे बंदी असलेल्या यादीत आहे. तो कुठल्याही चाचणीत सापडलेला नव्हता. त्याने स्वतःच टूरला जाऊन सांगितलं. जुलै 2015 मध्ये टूरने निर्णय दिला: 90 दिवसांचं निलंबन.

पदार्थ तोच. डॉक्टरने सांगितलं म्हणून घेतला, ही गोष्टही तीच. एकाला 90 दिवस, दुसऱ्याला आधी चार वर्षं आणि मग 18 महिने. स्वतःहून कबुली दिल्याचा फायदा स्टॉलिंग्जला मिळणं समजण्यासारखं आहे. पण फरक तेवढ्यापुरता नाही.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफा ही जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या नियमावलीने बांधलेली आहे. पीजीए टूर ही खासगी संस्था. तिने 2008 मध्ये चाचण्या सुरू केल्या, त्या स्वतःच्या नियमांवर. शिक्षा किती, ती जाहीर करायची का, हे टूरच ठरवणार. फुटबॉलपटूच्या शिक्षेवर वाडा स्वतः अपील करू शकते, टूरच्या निर्णयावर तसा वरचा हात नव्हता.

गोल्फ 2016 मध्ये 112 वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतलं तेव्हा हे सगळं चव्हाट्यावर आलं. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनच्या वेळी रोरी मॅकिलरॉयने सरळ सांगून टाकलं की ह्यूमन ग्रोथ हॉर्मोन फक्त रक्ततपासणीत सापडतं, त्यामुळे आपण ते घेतलं तरी निभावून जाईल. जगातल्या आघाडीच्या गोल्फरने आपल्याच खेळाच्या चाचण्यांचं असं माप काढल्यावर अधिकाऱ्यांकडे फार काही बोलण्यासारखं उरत नाही. 2017 मध्ये टूरने रक्ततपासणी आणण्याचं आणि बंदीची यादी वाडाच्या जवळ नेण्याचं जाहीर केलं.

याच्याही आधी विजय सिंगचं प्रकरण गाजलं होतं. फिजीचा, भारतीय वंशाचा, तीन मेजर जिंकलेला आणि एकेकाळचा जगातला नंबर एक गोल्फर. 2013 मध्ये एका मासिकातल्या लेखात त्याने हरणाच्या शिंगापासून बनवलेला स्प्रे वापरत असल्याचं मान्य केलं. टूरने कारवाई सुरू केली. मग वाडाने सांगितलं की चाचणी पॉझिटिव्ह नसेल तर नुसता हा स्प्रे वापरणं हा गुन्हा नाही. टूरने प्रकरण मागे घेतलं. वर विजय सिंगने टूरवरच खटला भरला आणि तो 2018 मध्ये तडजोडीने मिटला. तेव्हापासून हरणाच्या शिंगाचे जोक गोल्फच्या चाहत्यांना पुरून उरलेत.

आता दुसरं औषध, आणि इथे आपला माणूस येतो

टर्ब्युटालिन. दम्यावरचं औषध, श्वासनलिका मोकळी करतं. भारतात खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये असतं. घरातली एखादी बाटली उलटी करून बघा, सापडण्याची बरीच शक्यता आहे.

अर्जेंटिनाचा पापू गोमेझ 2022 च्या विश्वविजेत्या संघात होता. त्या स्पर्धेच्या आधी, सेव्हियाकडून खेळत असताना, त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. त्याचं म्हणणं होतं की रात्री खोकल्याची उबळ आली म्हणून मुलाच्या सिरपचा चमचा घेतला. ऑक्टोबर 2023 मध्ये शिक्षा आली. पूर्ण दोन वर्षं. इटलीतल्या मोंझा क्लबमध्ये येऊन त्याला तेव्हा काही आठवडेच झाले होते.

आणि आपला पृथ्वी शॉ. फेब्रुवारी 2019 मध्ये मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान इंदूरला त्याचा नमुना घेतला. टर्ब्युटालिनच. त्याचं स्पष्टीकरणही तेच, खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप घेतलं. बीसीसीआयने ते मान्य केलं. 30 जुलै 2019 ला शिक्षा जाहीर झाली: आठ महिने.

पण खरी गंमत तारखांमध्ये आहे. हे आठ महिने मोजले 16 मार्चपासून. म्हणजे निकाल यायच्या आधीच साडेचार महिने ‘भोगून’ झाले होते. आणि त्या साडेचार महिन्यांत शॉ काय करत होता? दिल्लीकडून आख्खी आयपीएल खेळला! 15 नोव्हेंबरला बंदी संपली. प्रत्यक्षात बाहेर बसावं लागलं ते साधारण साडेतीन-चार महिने.

मागच्या तारखेपासून शिक्षा मोजणं नियमात बसतं. खेळाडूने लगेच कबुली दिली किंवा प्रक्रियेत त्याची चूक नसताना उशीर झाला, तर तशी सोय आहे. पण ही सोय किती ढिली सोडायची हे ठरवणारा कोण होता? बीसीसीआय. चाचणी बीसीसीआयची, सुनावणी बीसीसीआयची, खेळाडूही बीसीसीआयचा. देशातल्या बाकी खेळाडूंवर नाडा म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था नजर ठेवायची आणि क्रिकेट त्याच्या बाहेर होतं. शॉच्या शिक्षेनंतर दोन आठवड्यांच्या आत, ऑगस्ट 2019 मध्ये, बीसीसीआयने नाडाच्या कक्षेत येणं मान्य केलं. पीजीए टूर आणि बीसीसीआय या दोन श्रीमंत संस्थांची गोष्ट इतकी सारखी असावी, हा काही योगायोग वाटत नाही.

मग शिक्षेचं गणित काय?

वाडाच्या नियमांत पहिली गोष्ट अशी की शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची. कसं आलं, कोणी दिलं, हा पुढचा प्रश्न. ही कठोर अट आहे, पण ती नसेल तर प्रत्येक जण ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटेल.

त्यानंतर पदार्थाचे दोन गट पडतात. स्टेरॉइड आणि डीएचईएसारख्या गटात शिक्षा चार वर्षांपासून सुरू होते. हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केलं तर दोन वर्षं. चूक फार मोठी नव्हती हेही पटवलं तर आणखी कमी, साधारण एक वर्षापर्यंत. पोग्बाचे 18 महिने या मधल्या पट्ट्यात येतात. टर्ब्युटालिनसारखी औषधं उपचारासाठी सर्रास घेतली जातात, त्यामुळे तिथे हेतू सिद्ध झाला नाही तर सुरुवात दोन वर्षांपासून होते आणि नुसत्या समजेपर्यंत खाली येता येतं. गोमेझ वरच्या टोकाला राहिला, शॉ बराच खाली आला.

म्हणजे सगळा खेळ सिद्ध करण्यावर आहे. आणि सिद्ध करायला तज्ज्ञ लागतात, वकील लागतात. पोग्बाने लवादासमोर तज्ज्ञ उभे केले. त्याने मांडलेल्या बऱ्याचशा पुराव्याला समोरच्या बाजूने विरोधच झाला नाही, हे लवादानेच नमूद केलं. ‘पैसा बोलला’ म्हणणाऱ्यांचं इथे अर्धं बरोबर आहे. कोणी लाच दिली असं म्हणायला काही आधार नाही, पण आपली बाजू नीट मांडण्याचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही.

बाजू पटली नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला निघाला होता. चाचणीत स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाडाने ते मान्य करून त्याला सोडलं. वाडा लवादाकडे गेली. पेयात पावडर मिसळली असती तर प्रमाण असं आलं नसतं, गोळी घेतल्यासारखं दिसतंय, असं तज्ज्ञाचं मत होतं आणि लवादाने तेच धरलं. 18 ऑगस्टला, रिओत त्याची कुस्ती होती त्याच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. त्याच्याकडे गोष्ट होती, ती पटेल असा पुरावा नव्हता.

चाहते मात्र हे सगळं बघत नाहीत. जर्सी बघतात. आपल्या क्लबचा खेळाडू सापडला की सिरप खरं असतं आणि समोरच्याचा सापडला की तेच सिरप थाप ठरते. शॉला ‘पोरगं आहे, चुकलं’ म्हणणारे कित्येक जण गोमेझला हसत होते. गोल्फमध्ये तर ‘इथे ताकद लागतेच कुठे’ म्हणून विषयच झटकला जातो. खरं तर हात स्थिर ठेवणारी बीटा ब्लॉकर ही हृदयाची औषधं गोल्फच्या स्पर्धेत बंदी असलेल्या यादीत आहेत. फुटबॉलमध्ये ती चालतात. छोट्या पटच्या वेळी हात थरथरला नाही तर लाखो डॉलर वाचतात.

पृथ्वी शॉ बंदी संपल्यावर दोनच दिवसांनी, 17 नोव्हेंबर 2019 ला मुंबईकडून आसामविरुद्ध उतरला आणि 63 धावा ठोकल्या. पापू गोमेझची बंदी ऑक्टोबर 2025 मध्ये संपली. तोवर तो 37 वर्षांचा झाला होता आणि इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पादोव्हाने त्याला संघात घेतलं होतं. दोघांच्याही नमुन्यात सापडलं होतं ते खोकल्याचंच औषध.